दोन तास सात मिनिटं

खारू काचेच्या दारातून बाहेर आली ती माझ्याकडे न बघता, मनगटाकडे बघत. एरवी ती दारातच दप्तर टाकून धावत सुटते आणि तिला पोचवायला आलेल्या काकूंना ते मागून उचलून आणावं लागतं. आज दप्तर पाठीवर होतं, पावलं जपून पडत होती, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिल्यावर तिने हात पुढे केला. नवं घड्याळ. हिरवा पट्टा, नऊ वर्षांच्या मनगटाला मोठा होणारा, म्हणून कुणीतरी सुरीच्या टोकाने त्याला एक जादा भोक पाडलेलं. आजीने दिलं, ती म्हणाली, आणि लगेच पुढचं वाक्य, जे ती बहुतेक उतरल्यापासून जिभेवर धरून होती: "दोन तास सात मिनिटं, आई. तुझ्या कागदावर एक पंचावन्न आहे."

मी हसले. हसणं हा आमच्या ऑफिसातला पहिला उपाय. काकू फॉर्म घेऊन मागे उभ्या होत्या. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांना विमानातून दारापर्यंत आणून सोडणं हे त्यांचं काम, आणि फॉर्मवर 'मुलगी ताब्यात मिळाली' असं छापलेलं असतं, त्याखाली मी दर पंधरा दिवसांनी सही करते. गुडघा चोळत त्या म्हणाल्या की आजही रडतराव रखडतच आला, आता पुढच्या फेरीसाठी दारावर ताटकळलेले प्रवासी त्यांच्याच नावाने खडे फोडत असतील. रडतराव म्हणजे हे दुपारचं विमान. विमानतळावर खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या लोकांनी त्याला ठेवलेलं नाव. काकू गेल्या. खारू अजून हात पुढे करून उभीच. तिला उत्तर हवं होतं आणि ते मीच द्यायचं होतं, कारण या विषयात आईचा शब्द शेवटचा हे तिला पक्कं माहीत. आवाज अगदी ऑफिसचा निघाला. मी म्हणाले, "उंचावर घड्याळं जरा पुढे पळतात, खारू. नवीन असली की जास्तच." तिने क्षणभर विचार केला. मग "बारा मिनिटं," असं पुटपुटत तिने घड्याळाची बाजूची किल्ली दोन बोटांत धरली, जीभ दातांत पकडून ती ओढली आणि काटा बारा घरं मागे नेला. मी बघत उभी राहिले. 'थांब' म्हणायला एक सेकंद पुरला असता, आणि तिला ते करायला चांगले पंधरा-वीस सेकंद लागले.

मी वेळा ठरवते. काय करता असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याला वाटतं बाई घड्याळं दुरुस्त करतात. विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात मला चौदा वर्षं झाली. दोन विमानतळांमधलं अंतर कुणी ठरवत नाही, ते असतंच. खारूच्या शहरापासून माझ्या शहरापर्यंत अकराशे चाळीस किलोमीटर. कालही तेवढंच होतं, उद्याही तेवढंच असेल. पण ते कापायला लागणारा वेळ कुणाला तरी छापावा लागतो. चाकांपुढचे ठोकळे काढले की वेळ सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला ठोकळे लावले की संपतो. मधलं जमिनीवरचं रांगणं, रांगेत ताटकळणं, चढणं, उडणं, उतरणं आणि पुन्हा रांगणं हे सगळं त्यात आलं. दर सहा महिन्यांनी मी मागच्या हंगामातल्या एकूण एक दिवसाची नोंद काढते, आणि दहातली सात विमानं जेवढ्या वेळात पोचली तेवढा वेळ नव्या तक्त्यात लिहिते. अशा एकशे साठ ओळी. खारू सहा वर्षांची असताना मी हे तिला जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. काडेपेटी म्हणजे विमान, दोन खोडरबरं म्हणजे ठोकळे. निघताना बारीकसा गचका बसतो, तिथून मोजायचं. थांबल्यावर शेवटचा गचका बसतो, तिथे थांबायचं. मधे कुणी कितीही बोलायला आलं तरी आकडा सोडायचा नाही. त्या दिवशी तिने आमटीचं भांडं लवंडेपर्यंत काडेपेटी उडवली होती. म्हणजे आज पोरीने काहीच चुकवलं नव्हतं. गचक्यापासून गचक्यापर्यंत दोन तास सात मिनिटं. माझ्या संगणकातल्या नोंदींचं उत्तरही नेमकं तेच होतं, आणि ते मला वर्षभरापासून माहीत होतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या केसांच्या भांगाकडे बघत बसले. दोन तासांची अट माझीच. वेगळं होताना आम्ही ज्या समुपदेशक बाईंकडे जायचो त्यांच्या खोलीत बुटक्या खुर्च्या होत्या, इतक्या बुटक्या की खारूच्या बाबांचे गुडघे छातीशी येत होते आणि त्यामुळे तो जास्तच बिचारा दिसत होता. आमच्यात भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. बोलणं हळूहळू घरातल्या कामांपुरतं उरलं, आणि मग कामंही वाटून झाली. माझी नोकरी इथे, त्याचं छापखान्याचं काम आणि त्याची आई तिकडे, खारूची शाळाही तिकडे. कुणीच हलायला तयार नाही म्हटल्यावर हलायचं ते खारूने, दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी येऊन रविवारी परत. सासूबाईंचा निरोप असा की एवढंसं लेकरू इतका वेळ हवेत एकटं नको. इतका म्हणजे किती, बाईंनी विचारलं. त्याने खांदे उडवले. आणि मी, नाकाने कांदे सोलायची जन्माची सवय असलेली मी, पुढे वाकून त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि आमच्या कागदावर लिहिलं. छापील वेळापत्रकात प्रवास दोन तासांच्या आत असेल तोवर मुलगी एकटी येईल. दोन तासांच्या वर गेला तर आईने तिकडे येऊन भेटावं. दुसऱ्या कुणी तब्येत लिहिली असती, मुलीची मर्जी लिहिली असती. मी आकडा लिहिला, कारण आकडे माझ्या शब्दाबाहेर नाहीत अशी माझी समजूत. तेव्हा त्या ओळीत एक पंचावन्न होतं आणि ते खरं होतं. हाताशी पाच मिनिटं उरत होती. मला ती भरपूर वाटली.

वर्षभराच्या आत आमच्या विमानतळाला नवी धावपट्टी मिळाली. टर्मिनलपासून ती इतकी लांब की उतरल्यावर प्रवाशांना वाटतं, विमान आता रस्त्यानेच पुढच्या गावाला निघालं. येताना बारा मिनिटं जादा, जाताना बारा मिनिटं जादा. नव्या हंगामाचा तक्ता भरायला घेतला आणि त्या ओळीपुढे दोन-सात उमटलं, तेव्हा मी उठून पाणी पिऊन आले, जणू पाणी पिऊन आलं की उत्तर बदलतं. आमच्याकडे पाचाच्या पटीत छापतात; म्हणजे दोन-दहा. मी ती ओळ तशीच ठेवून खाली सरकले. एक पंचावन्न. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नव्या धावपट्टीची सवय झाल्यावर वेळ कमी होण्याची शक्यता.' वैमानिकांना सवय झाली की धावपट्टी जवळ येते असा त्याचा अर्थ होतो, पण एकशे साठ ओळींत तो कोण वाचतो. सहा महिन्यांनी तोच शेरा खाली ओढून घेतला. त्या बारा मिनिटांचं पुढे काय होतं तेही मला ठाऊक आहे, कारण तेही माझ्याच टेबलावर येतं. तेच विमान पुढे आणखी दोन शहरांना जातं, तिथे पंचवीस मिनिटं उशिरा पोचतं. काकूंना जाब विचारला जातो. पुढची विमानं चुकतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं चार ओळींचं पत्र आलं होतं, सुंदर अक्षरात. तुमच्या कागदावर विसंबून मी पुढचं तिकीट काढलं होतं, एवढीच तक्रार. ना शिवी, ना नुकसानभरपाई. ते मी खणात तळाशी घातलं आणि वरून स्टेपलरच्या पिनांचे डबे ठेवले. बदल्यात मला मिळत होत्या दर पंधरा दिवसांतल्या दोन रात्री, खिडकीखालचा दुसरा पलंग, न्हाणीघरातला निळा ब्रश, आणि शनिवारी सकाळी उशीवर मला न सांगता ठेवलेले बिस्किटांचे तुकडे. ती खाऊ लपवून ठेवते म्हणून तर तिचं नाव खारू. मी तिकडे गेले असते तर सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत कोचाच्या टोकाला बसले असते, हातात कप, आणि खारू समोर, शाळेत काय शिकवलं ते सांगत. पाहुणी. स्वतःच्या पोटच्या पोरीची पाहुणी व्हायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण होतं, आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

शनिवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर खारू स्वयंपाकघरात स्टुलावर उभी. भिंतीवरचं घड्याळ काढून तिने पोटाशी धरलं होतं. तुझं पण पुढे आहे, ती म्हणाली, त्याला कधी विमानात नेलं होतंस का? मी म्हणाले, हो, घर बदलताना. खोट्याला एकदा दार उघडलं की ते बूट न काढता आतच येतं. तिने मागची चकती फिरवली, स्वतःच्या घड्याळाशी जुळवलं, टाचा उंचावून पुन्हा खिळ्याला लावलं आणि लांब जाऊन बघितलं, आपण चित्र सरळ लागलंय का ते बघतो तसं. दोन दिवस आमचं घर जगाच्या बारा मिनिटं मागे चालत होतं. कुणाचं काही अडलं नाही. आम्ही उशिरा उठलो, बागेत गेलो, तिने पायात गोळा येईपर्यंत झोके घेतले. फक्त दर वेळी किती वाजले विचारलं की ती मान वाकवून इतक्या विश्वासाने सांगायची की मला तिच्या मनगटावर हात ठेवून ते झाकावंसं वाटायचं.

माझे वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. पत्र्याची पेटी घेऊन घरोघर जायचे आणि निघताना उंबऱ्यात मला सांगायचे, "आलोच पाच मिनिटांत." त्यांची पाच मिनिटं कधी दोन तासांची असायची, कधी दिवेलागणीची. माणूस वाईट नव्हता. लहान मुलीला रडवायचं नाही म्हणून वेळ मारून न्यायचा, एवढंच. मी पायरीवर बसून साठपर्यंत मोजायची, असं पाच वेळा, मग पुन्हा पाच वेळा. मग वाटायचं आपलंच मोजणं चुकतंय, आपण भराभर मोजतोय. मोजणं सावकाश केलं की बाबा वेळेवर येतील. एक, मग श्वास, मग दोन. एकदा इतकं सावकाश मोजलं की पायरीवरच झोप लागली आणि त्यांनी मला उचलून आत नेलं, हातांना मशिनच्या तेलाचा वास, आणि कानाशी म्हणाले, बघ, आलो की नाही. ते गेले तेव्हा मला रडू आलं ते त्या वासाने. पण माझ्या मुलाबाळांना मी खरी वेळ सांगेन हे मी तेव्हाच पायरीवर ठरवून ठेवलं होतं, अजून स्वतःचे दातही नीट पडले नव्हते त्या वयात. या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं की हेच काम का, तेव्हा मी आकड्यांची आवड असं काहीतरी सांगितलं. पायरीचं सांगितलं नाही.

रविवारी तिला काकूंच्या हवाली केलं. सोमवार नेहमीसारखा गेला. मंगळवारी दुपारी खारूच्या बाबांचा फोन आला, आणि तो सहसा कामाच्या वेळात करत नाही म्हणून मी उठून जिन्यात गेले. काळजीचं काही नाही, तो म्हणाला. खारूची शाळेची बस काल चुकली, आज पुन्हा चुकली. घड्याळ चोवीस मिनिटं मागे आहे. येताना बारा केली होती म्हणे, परत आल्यावर विमानतळावरच आणखी बारा. त्याने ते नीट करून दिलं तर तिने पुन्हा मागे केलं. आजी ओरडली, तर आजीलाच सांगते, तुमच्या घरातली सगळी घड्याळं चुकीची आहेत. मी विचारलं, अजून काय म्हणाली. कुणीतरी वरच्या मजल्यावर खुर्ची ओढत होतं. त्याने तिचे शब्द तिच्याच तालात सांगितले: "आईला विचारा. आई वेळ ठरवते."

मी फोन ठेवला की त्याने, ते आठवत नाही. जिन्याच्या कठड्याला धरून मी खाली बघत होते. मला पकडलं कुणी नव्हतं. त्याच्या आवाजात संशयसुद्धा नव्हता, उलट मला ही गंमत वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे अजूनही अळीमिळी गुपचिळी चाललं असतं. मी संध्याकाळी फोन करून खारूला म्हणाले असते, आता तुझं घड्याळ विमानाला सरावलं, यापुढे हात लावू नकोस. तिने तेही ऐकलं असतं. मला दिसलं ती ऐकतेय, मान डोलावतेय, आणि पुढच्या वेळी गचक्यापासून गचक्यापर्यंत मोजून दोन तास सात मिनिटं आली की स्वतःशीच म्हणतेय, माझंच मोजणं चुकलं असेल. मी भराभर मोजत असेन. एक, मग श्वास, मग दोन. त्या पायरीवर मी माझ्या हाताने तिला नेऊन बसवली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. लाज ओसरायची वाट बघत बसले तर मी पुन्हा पाणी प्यायला जाईन हे मला माहीत होतं, म्हणून मी तशीच, गरम कानांनी, टेबलाशी गेले आणि तक्ता उघडला. पुढच्या हंगामाचा तक्ता गुरुवारी द्यायचा होता. ओळ त्र्याऐंशी. ओळ चौऱ्याऐंशी. येण्याची आणि जाण्याची. दोन्हींत दोन-दहा लिहिलं. शेरा पुसला. पुसल्यावर रकाना फार मोठा दिसायला लागला.

साहेबांनी गुरुवारी बोलावलं. आमचे साहेब कधी ओरडत नाहीत, चष्मा काढून पुसतात. पुसणं जितकं लांबतं तितकं काम गंभीर. दोन तासांच्या आत दिसतं म्हणून लोक आपलं तिकीट घेतात, ते म्हणाले, शिवाय एकदम पंधरा मिनिटं कशी वाढली, मागच्या दोन्ही हंगामांत तर काही नव्हतं. इथे मला बाहेर पडायला दोन-तीन वाटा होत्या. वारे बदलले म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "वाढली नाहीत. दीड वर्ष तशीच आहेत. दोन्ही वेळा मी ती ओळ मुद्दाम गाळली." चष्मा पुसणं थांबलं. का, त्यांनी विचारलं. घरगुती कारण होतं, मी म्हणाले, आणि आता ते उरलं नाही. लेखी खुलासा द्यावा लागेल, बढतीचं यंदा विसरायचं, आणि यापुढे माझा तक्ता दुसरं कुणीतरी तपासेल. मी हो म्हणाले. शेवटचं खरं तर आधीच व्हायला हवं होतं. निघताना त्यांनी विचारलं की दोन-दहा तरी पक्कं ना. मी म्हणाले, दहातली सात. जागेवर येऊन मी खणातून पिनांचे डबे बाजूला केले, म्हाताऱ्या गृहस्थांचं पत्र काढलं आणि त्यांना उत्तर लिहिलं. चूक आमची होती, तुमची नव्हती. चारच ओळी झाल्या, पण अक्षर काही त्यांच्यासारखं जमलं नाही.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर पहिल्यांदा स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे केलं. मग पलंगावरची तिची चादर नीट केली, खरं तर ती नीटच होती. उशीखाली बिस्किटाचा चुरा सापडला. तो मी हातात घेऊन थोडा वेळ बसले आणि मग, बसणं वाढायच्या आत, खारूच्या बाबांना फोन लावला. नव्या वेळापत्रकात दोन-दहा छापून येईल, मी सांगितलं. आपल्या कागदाप्रमाणे आता ती एकटी यायची नाही. पलीकडे भांडी वाजत होती, ती बंद झाली. मला वाटलं तो विचारेल, कधीपासून, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "दोन तास सात लागतात. मी दर वेळी रविवारी तिला घ्यायला उभा असतो ना." मी म्हणाले, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तुझ्याकडून आली की दोन दिवस शीळ घालत असते. कशाला बोलू."

एवढं ऐकून माझं काय झालं ते सांगायला हवं. मला राग आला. वर्षभर मी एकटीने डोळ्यांत तेल घालून राखलेलं गुपित हा माणूस खिशात घालून फिरत होता, आणि मला ते हातावर ठेवून 'असू दे गं' म्हणावंसं त्याला वाटलं नाही. मग राग आला तसा गेला आणि मला दिसलं की आम्ही दोघं दोन टोकांना, अकराशे चाळीस किलोमीटर मधे ठेवून, एकच खोटं उचलून धरून उभे होतो, आणि त्याचं वजन तेवढं पोरीच्या मनगटावर गेलं. तो म्हणत होता की आईला तो समजावेल, कागद थोडा इकडेतिकडे करता येईल, दोन तासांऐवजी अडीच लिहू. मी क्षणभर डोळे मिटले. अडीच. किती सोपं होतं, आणि वर्षापूर्वी मी हेच मागितलं असतं तर सगळंच सोपं होतं. पण मागायचं तर आकडा कबूल करावा लागला असता, आणि ते मला जमलं नव्हतं. मी म्हणाले, "आधी मी येते. कागदाचं नंतर. कागद आत्ता बदललास तर तिला वाटेल, आकडा चुकला की कागद बदलायचा." तो म्हणाला, इथे कुठे उतरशील? कोचावर, मी म्हणाले. तुझ्या आईला सांग, कपभर चहा लागेल. तो हसला की नाही ते फोनवर कळलं नाही. शेवटी मी त्याला एक काम सांगितलं, खारूसाठी, आणि तिला ते नीट समजावून द्यायला लावलं.

नव्या हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी मी रडतरावाच्या परतीच्या फेरीत बसले. चौदा वर्षं मी या विमानाचं आयुष्य ठरवत आले आणि त्यात कधी बसले नव्हते. खारू पंधरवड्याला ये-जा करायची आणि मी फक्त ओळ बघायची. कर्मचाऱ्यांना मिळते ती शेवटची रांग, पाठीमागे संडास, खुर्ची मागे न कलणारी. शेजारच्या माणसाने बसताच डोळे मिटले. दार बंद झालं. मी फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि माझं सगळं लक्ष पायांच्या तळव्यांत होतं. आला. बारीकसा गचका, शेजारच्याची पापणीही हलू नये इतका. मी खारूच्या बाबांच्या नंबरवर एक रिंग दिली आणि कापली. हवाई सुंदरीने डोळे वटारले, मी निमूटपणे फोन बंद केला. हेच ते काम होतं. पहिली रिंग आली की खारूने मोजायला लागायचं, दुसरी आली की थांबायचं. मग ते लांबलचक रांगणं सुरू झालं. गवत, पिवळ्या पाट्या, पुन्हा गवत. तक्त्यात ही बारा मिनिटं म्हणजे एका रकान्यातला एक आकडा होता. इथे बसून ती फार होतात. या खिडकीशी नऊ वर्षांचं पोर एकटं बसतं, दप्तर पायांशी, पट्टा आवळलेला, आणि अजून उडालो का नाही असं कुणाला विचारायचं नाही म्हणून मनात मोजत राहतं. सासूबाई काही अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. मी हे कधी म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. वर गेल्यावर मी मनगटाकडे पाहिलं. काटा आपल्या चालीने चालला होता, घरी चालतो तसाच.

दोन तास आठ मिनिटांनी शेवटचा गचका बसला आणि मी दुसरी रिंग दिली.

काचेच्या दाराबाहेर तो उभा होता, आणि त्याच्या पुढे खारू, हातात त्याचा फोन, मनगट डोळ्यांपाशी. ती धावत आली नाही. मी तिच्यापर्यंत चालत गेले आणि खाली बसले, म्हणजे तोंडं समोरासमोर आली. ती म्हणाली, "दोन तास आठ." मी म्हणाले, "माझेही आठ." तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर यायला फार वेळ लागला नाही, आणि तो तिला विचारायला लावू नये म्हणून मीच बोलले. "उंचावर घड्याळं पुढे पळत नाहीत, खारू. तुझं पहिल्यापासून बरोबर होतं. मी खोटं बोलले."

तिने का असं विचारलं नाही. ते पुढे कधीतरी विचारील आणि मी सांगेन. तिने पट्टा सोडला, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग तूच लाव." ते अजून चोवीस मिनिटं मागे होतं. इतके दिवस ती त्याच्यावर हटून बसली होती. मी किल्ली ओढली, माझ्या घड्याळात बघून काटे पुढे आणले, किल्ली दाबली, आणि तिच्या मनगटावर पट्टा जादाच्या भोकात अडकवून दिला. तिने ते पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग मान वर करून विमानतळाच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं, आणि शेवटी बाबांचा हात खाली ओढून त्यांचं. पूर्वी तिने एवढं केलं नसतं. आईने लावलं म्हणजे झालं. तेवढा वेळ मी गुडघ्यांवर तशीच बसून राहिले. लागलं मला, लागणारच होतं, आणि तरी ती प्रत्येक घड्याळापाशी किती नीट थांबतेय हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. चारही जुळली. मग ती म्हणाली, बरोबर आहे, चल.